रे लागेपर्यंत: अप्पांचं कॉर्नेट आणि माझं यामाहा ट्रंपेट

मिरजेला महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये चढले तेव्हा हातात दोन पिशव्या होत्या. एकीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, दुसरीत जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं अप्पांचं कॉर्नेट, म्हणजे ट्रंपेटसारखंच पण आखूड पितळी वाद्य. सकाळी सीएसएमटीला उतरायचं, धोबी तलावपर्यंत चालत जायचं आणि फुर्टाडोज या वाद्यांच्या दुकानातून नवं ट्रंपेट घ्यायचं, एवढाच बेत होता. कॉर्नेट सोबत घेतलं ते तुलनेसाठी. नवं वाद्य नुसतं फुंकून मला फारसं कळलं नसतं. माझ्या कानाला ओळखीचं माप तेवढं एकच आहे.

त्या खरेदीला आता चौदा महिने झाले. एवढे दिवस रोज वाजवल्यावर मत द्यायला हरकत नाही, म्हणून लिहायला बसले.

मी व्यावसायिक वादक नाही, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. अप्पा सांगलीत लग्नाच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचे. बँडवाले त्याला कारनेट म्हणतात, आमच्या घरातही तोच शब्द. पावसाळ्यात लग्नं नसली की अप्पा मला माजघरात बसवून शिकवत. मुलीने वरातीत वाजवायचा विषयच नव्हता, पण ‘हिच्या ओठाला सूर आहे’ असं ते आईला सांगायचे. लग्नानंतर ते सुटलं. अप्पा गेले, त्यांची ट्रंक माझ्याकडे आली आणि सेहेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा कॉर्नेट ओठाला लावलं.

नवं वाद्य घ्यायला मात्र निमित्त झालं ते आमच्या शाळेतल्या, तेव्हा सातवीत असलेल्या एका मुलीचं. झेंडावंदनाला ती बिगूल वाजवते. एकदा मधल्या सुट्टीत येऊन म्हणाली, “बाई, बिगुलात रे का नाही? सा सापडतो, प सापडतो, वर ग पण सापडतो. रे कुठं हरवलाय?” बिगूल वाजवणारी कितीतरी मुलं पाहिली, पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

तिला दिलेलं उत्तर इथेही देते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बिगूल असो, तुतारी असो की ट्रंपेट, आवाज निर्माण होतो तो ओठांच्या थरथरीतून. नळी त्या थरथरीतले ठरावीकच स्वर उचलून धरते. ओठ सैल ते आवळलेले असं वर जाताना सा, प, वरचा सा, ग, प अशाच पायऱ्या मिळतात. मधला रे त्या नळीत नाहीच. तो हवा असेल तर नळीची लांबी बदलावी लागते. आपल्या तुतारीला आणि शिंगाला ते करायची सोय नाही. तरी शिवजयंतीला तुतारी घुमली की अंगावर काटा येतो. तिला रे ची गरज नसते.

लांबी झटक्यात बदलायची युक्ती म्हणजे व्हॉल्व. तो दाबला की फुंक त्याला जोडलेल्या जादा नळीतून फिरून जाते. श्टोल्झेल आणि ब्ल्यूमेल या दोघा जर्मनांनी १८१८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, आणि आज ट्रंपेटवर आपण जे दट्टे दाबतो तो पिस्टनचा प्रकार पॅरिसच्या पेरिनेने १८३९ मध्ये बसवला. दुसरा व्हॉल्व दाबला की सूर अर्धा स्वर उतरतो, पहिला दाबला की पूर्ण, तिसरा दाबला की दीड. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचं तर काहीही न दाबता ट्रंपेटचा सा काळी पाचला लागतो. तिथून दुसरा दाबला तर पांढरी सहा, पहिला दाबला तर काळी चार, पहिला-दुसरा मिळून पांढरी पाच, दुसरा-तिसरा काळी तीन, पहिला-तिसरा पांढरी चार आणि तिन्ही दाबले की पांढरी तीन. ही सात माणसं ओळखीची झाली की निम्मं वाद्य हातात आलं.

आता दुकानातली गोष्ट. मी वाजवून पाहिलं आणि घेतलं ते यामाहाचं वायटीआर-२३३०. विद्यार्थ्यांसाठीचं मॉडेल, सोनेरी लॅकर, नळीचा आतला व्यास ११.६५ मिलिमीटर, कर्ण्याचं तोंड १२३ मिलिमीटर. पिस्टन मोनेलचे, म्हणजे निकेल आणि तांब्याच्या मिश्रधातूचे. सोबत ११बी४ हा माऊथपीस, म्हणजे ओठाला लावायचा तुकडा, येतो. मी घेतलं तेव्हा पन्नास हजारांच्या आसपास गेलं. किमती हलत असतात, विचारूनच जा.

हातात घेतल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती पिस्टनची. दाबला की जातो, सोडला की येतो, मध्ये कुठे अडत नाही. हे वाचताना क्षुल्लक वाटेल. पण मी लहानपणी ज्या कॉर्नेटवर शिकले त्याचा दुसरा व्हॉल्व पावसाळ्यात बोटाने वर ओढून काढावा लागायचा. द्रुत लयीत तान घेताना अप्पा तो स्वर टाळून पुढे जायचे. त्या टाळण्यालाच मी कित्येक वर्षं त्यांची शैली समजत होते. दुकानात नवा पिस्टन चालवताना ते एकदम लक्षात आलं आणि मला थोडा वेळ वाजवताच येईना.

दुसरी कसोटी मी घरूनच ठरवून नेली होती. भूप. काळी पाचला सा धरून सा रे ग प ध सां. यातला खालचा रे पहिला आणि तिसरा व्हॉल्व मिळून वाजतो आणि तो कुठल्याही तीन व्हॉल्वच्या ट्रंपेटवर चढा लागतो. कारण साधं आहे. तिसऱ्या व्हॉल्वची नळी दीड स्वर उतरण्याच्या हिशोबाने कापलेली असते, पण तो हिशोब मूळ लांबीवर केलेला. पहिला व्हॉल्व दाबल्याने नळी आधीच लांब झालेली असते, आणि लांब नळीला तेवढंच उतरायला जास्त जोड लागते. ती कमी पडते, म्हणून सूर वर राहतो. यावर उपाय म्हणून तिसऱ्या व्हॉल्वच्या सरकत्या नळीला अंगठी असते. डाव्या हाताची करंगळीशेजारचं बोट त्यात घालून नळी रे पुरती बाहेर ढकलायची. २३३० वर ती नळी तुपात बोट फिरावं तशी सरकली. तंबोऱ्याचं ॲप लावून पाहिलं, रे येऊन बसला.

अप्पांच्या कॉर्नेटला तेव्हा अंगठीच नव्हती, आणि ती नळी हिरव्या गंजाने जागीच धरलेली. म्हणजे चाळीस वर्षं अप्पांचा रे चढा होता. ओठ सैल करून ते तो खाली आणायचे, आणि त्यांना ते जमायचं.

दुकानात मला घाई कुणी केली नाही. १८६५ पासूनचं हे दुकान. साडी नेसलेली बाई ट्रंपेटवर भूप वाजवते आहे म्हणून दोन-तीन गिऱ्हाइकं थांबली, पण बरं वाटलं. कॉर्नेट आणि ट्रंपेट आलटून पालटून वाजवल्यावर फरक स्पष्ट ऐकू आला. दोन्हींची नळी सरळ केली तर लांबी सारखीच, साधारण १४८ सेंटिमीटर, म्हणजे डोक्यापासून टाचेपर्यंत मी. दोन्ही काळी पाचची, बोटं सारखी. फरक आहे तो नळीच्या आकारात. ट्रंपेटची नळी बराच पल्ला एकाच जाडीची जाते आणि शेवटी फुलते. कॉर्नेटची नळी बरीच आधीपासून हळूहळू रुंदावत जाते, माऊथपीसही खोल असतो. त्यामुळे ट्रंपेटचा आवाज टोकदार, सरळ समोर जाणारा. कॉर्नेटचा गोल, जवळ बसून बोलणारा. ताशा चालू असताना रस्त्याच्या त्या टोकाला सूर पोचवायचा तर ट्रंपेट. घरात, देवळात, हार्मोनियमशेजारी वाजवायचं तर कॉर्नेट. माझं हे मत चौदा महिन्यांत बदललेलं नाही.

त्याच कारणाने मी लहान मुलांना आधी कॉर्नेट द्या म्हणेन. नळीचे वेढे जास्त असल्याने ते आखूड असतं, भार अंगाजवळ राहतो, दहा वर्षांच्या हाताला पेलतं. ट्रंपेट पुढे ओढतं आणि मूल ते तोललं जावं म्हणून ओठावर दाबून धरतं. ती सवय एकदा लागली की ओठ दुखावतो. पुढचे दुधाचे दात पडून नवे यायच्या आधी यातलं काहीच हातात देऊ नये. एक लक्षात ठेवा, ट्रंपेटचा माऊथपीस कॉर्नेटला बसत नाही. कॉर्नेटच्या माऊथपीसचा दांडा बारीक असतो. कागद गुंडाळून बसवलेले मी पाहिलेत, सूर जागेवर राहत नाही.

फ्लूगलहॉर्नविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. मडगावचे एक सर दरवर्षी आमच्याकडे मिरजेला पाहुणे येतात, त्यांच्याकडे आहे. तेही काळी पाचचं, तीन व्हॉल्वचं, पण कर्णा जवळजवळ पंधरा सेंटिमीटर रुंद आणि नळी कॉर्नेटपेक्षाही मोकळी. सुरात आणायला माऊथपीसजवळची नळीच आत-बाहेर करतात. मी त्यावर विलंबित भीमपलास वाजवला. आवाज थंडीतल्या घोंगडीसारखा. मंद्रातला नी तर इतका भरदार आला की वाजवताना माझाच गळा दाटला. पण वरच्या सप्तकात गेलं की तो पसरतो, धार राहत नाही, आणि रस्त्यावर तर तो कुणाला ऐकूही जाणार नाही. पैसे असते तर मी दुसरं वाद्य म्हणून तेच घेतलं असतं. पहिलं म्हणून नाही.

सरांशी बोलताना ट्रंपेटवादक चिक चॉकलेट यांचा विषय निघणारच. गोव्यातल्या हळदोण्यात १९१६ साली जन्मलेले आंतोनियो झेवियर वाझ, मुंबईने त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हटलं. सी. रामचंद्रांच्या गाण्यांतून त्यांचं ट्रंपेट आपल्या आजी-आजोबांच्या कानावर पडलं, आणि अप्पांच्या पिढीचे बँडवाले रेडिओला कान लावून ते स्वर उचलायचे. गोव्यात चर्चच्या शाळेत पोरं नोटेशन वाचून शिकली, आमच्याकडची पोरं बँडमास्तराच्या शेजारी उभी राहून ऐकून शिकली. दोन्ही शिकवण्या खऱ्या. मी मात्र आता नोटेशन शिकते आहे आणि लवकर शिकायला हवं होतं असं वाटतं.

बाकीच्या भावंडांवर फार लिहीत नाही, कारण ती मी नुसती हाताळली आहेत. वाद्यवृंदांत पांढरी एकचं सी ट्रंपेट चालतं. पिकोलो ट्रंपेटची नळी निम्मी, त्यामुळे ते एक सप्तक वर बोलतं, आणि त्याला बहुधा चौथा व्हॉल्व असतो. फ्रेंच हॉर्न पांढरी चारचा, डाव्या हाताने व्हॉल्व चालवायचे आणि उजवा हात कर्ण्यात घालून बसायचं. युफोनियम आपल्या बँडमध्ये अजून दिसतं, काळी पाचचंच पण एक सप्तक खाली. प्लास्टिकचं ट्रंपेट मी एका शिबिरात वाजवलं. वजनाला पितळेच्या निम्मं, पडलं तरी पोचा येत नाही, सहलीला न्यायला चांगलं. त्यावर वर्षभर शिकायला मी कुणाला सांगणार नाही.

आणि आता ज्याविषयी मनापासून सावध करायचं आहे ते. माझ्या एका सहकाऱ्याने मुलासाठी ऑनलाइन चकचकीत ट्रंपेट मागवलं, किंमत माझ्या ट्रंपेटच्या सातव्या हिश्शाइतकी. तिसऱ्या आठवड्यात पिस्टन अडकला, दीड महिन्यात कर्ण्याजवळचा डाख सुटला. मुलाला वाटलं आपल्यालाच जमत नाही. त्याने वाद्य खाली ठेवलं ते ठेवलंच. पैसे गेले त्याचं मला तेवढं वाटत नाही, पण त्या मुलाची फुंक चांगली होती.

म्हणून जुनं किंवा अनोळखी वाद्य घेताना एवढं करा. व्हॉल्व न दाबता त्या व्हॉल्वची छोटी नळी ओढून काढा. ‘टप्’ असा बूच काढल्यासारखा आवाज आला तर पिस्टन हवा धरतो आहे. नुसतीच मुकाट निघून आली तर पिस्टन झिजलाय. मग तिन्ही पिस्टन तिरक्या बोटाने दाबून पाहा, कारण थकल्यावर बोटं तिरकीच पडतात. तिसऱ्या व्हॉल्वची नळी सरकते का ते पाहा. शेवटी माऊथपीसजवळच्या नळीवर गुलाबी ठिपके शोधा. पितळेतलं जस्त निघून जाऊन तांबं उघडं पडलं की ते दिसतात, आणि ती नळी आतून खाल्लेली असते.

अप्पांचं कॉर्नेट मेरठचं आहे. कर्ण्यावर नक्षी आहे, गावाचं नाव वाचता येतं, करणाऱ्याचं पुसलं गेलंय. मेरठच्या जली कोठीत पिढ्यान् पिढ्या बँडची वाद्यं घडतात. १८८५ मध्ये सुरू झालेली नादिर अली अँड कंपनी तिथलीच. महाराष्ट्रातल्या लग्नांत जे पितळ वाजलं त्यातलं किती तिथून आलं असेल. बेंजो पार्टी आणि डीजे आल्यावर बँड बसत गेले आणि ती वाद्यं माळ्यावर, ट्रंकेत, कुठे भंगारात गेली. भंगारवाला पितळेचा भाव देतो, किलोवर. हे ऐकलं की मला झोप लागत नाही. तुमच्या घरी असं एखादं कारनेट असेल तर कृपा करून आधी ते कुणाला तरी दाखवा.

मी दाखवलं. त्याच मुंबई फेरीत एका म्हाताऱ्या कारागिराकडे ते ठेवून आले. त्यांनी अडकलेली नळी दोन दिवस तेलात ठेवून, ऊब देऊन सोडवली. स्प्रिंगा, फेल्ट आणि पाणी काढायच्या चावीचं बूच नवं घातलं, आणि मी हट्टच धरला म्हणून तिसऱ्या नळीला पितळेची अंगठी डाखून दिली. दुसरा पिस्टन झिजलेला आहे, त्यावर मुलामा चढवून पुन्हा घासावा लागेल, ते काम अजून व्हायचंय. अप्पा पिस्टनमध्ये रॉकेलचा थेंब टाकायचे, ते बंद करा असं कारागिरांनी दोनदा बजावलं. व्हॉल्व ऑइलची बाटली स्वस्त असते आणि महिने पुरते. सरकत्या नळ्यांना पेट्रोलियम जेली.

निगेचं एवढंच: लॅकर असलेल्या वाद्याला चिंच, लिंबू किंवा ताम्हण-समई घासायची पावडर लावू नका, लॅकर निघून जातं. महिन्यातून एकदा कोमट पाण्याने आतून धुवा. पिस्टनवर १, २, ३ आकडे कोरलेले असतात, ते त्याच घरात परत घाला. आमच्या त्या बिगूलवाल्या मुलीने पहिल्याच धुण्यात १ आणि ३ ची अदलाबदल केली आणि फुंक जाईना म्हणून रडकुंडीला आली. आता डोळे मिटून लावते.

शेजाऱ्यांचं काय, असं बरेच जण विचारतात. फ्लॅटमध्ये मी कर्ण्यात म्यूट, म्हणजे आवाज दाबणारं बूच, लावून फक्त लांब सूर भरते. बाकी रियाज पहाटे सांगलीला कृष्णेच्या घाटावर. ट्रंपेटचा आवाज पाण्यावरून आयर्विन पुलापर्यंत जातो, आणि पोहायला येणारी मंडळी आता ओळखतात. एक आजोबा रोज मारवा मागतात. तो माझा अजून कच्चा आहे, कोमल रे साठी तिन्ही व्हॉल्व दाबावे लागतात, आणि तो साध्या रे पेक्षाही चढा लागतो. अंगठी आणखी लांब ढकलावी लागते.

कॉर्नेट आता त्या मुलीकडे असतं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही दोघी मैदानातल्या चिंचेखाली बसतो, मी ट्रंपेट घेऊन, ती अप्पांचं कारनेट घेऊन. काळी पाचला सा लावतो आणि भूप सुरू करतो. गेल्या शनिवारी खालच्या रे ला तिने न सांगता अंगठी ढकलली. दोघींचे रे एकमेकांत असे मिसळले की कुठलं ट्रंपेट आणि कुठलं कारनेट ते मलाच कळेना. तिने वाद्य खाली घेतलं आणि म्हणाली, “बाई, सापडला.”